दशमीची ओहोटी

खाडी बघायला म्हणून मी लग्नाआधी एकदाच गेले. एरवी आम्ही खाडीत रोज जायचो, पण ती बघायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अंधेरी स्टेशनावरून वर्सोव्याकडे जो रस्ता जातो त्याच्या कडेला तेव्हा माडांची वाडी होती, वाडीच्या मागे आमची बैठी चाळ, आणि चाळीच्या मागे मातीचा बांध. बांधापलीकडे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी जिथे येऊन-जाऊन असतं ती चिखलाची जमीन, आणि तिच्यावर नजर जाईल तिथपर्यंत तिवरांची झाडी. बायका तिथून चिंबोऱ्या आणायच्या, चुलीसाठी तिवराची सुकी लाकडं आणायच्या, आणि पुरुष मंडळी सकाळी टमरेल घेऊन तिकडेच जायची. आता तिवराला खारफुटी म्हणतात. नातीने मला मध्यंतरी अशाच एका खाडीवर नेलं होतं. लाकडी पूल, पाटी, आत जायला तिकीट. ती म्हणाली, "आजी, किती शांत वाटतंय ना?" मी म्हटलं, टमरेलवाले गेले म्हणून शांत आहे. तिला वाटतं, मी सगळ्याची चेष्टा करते. मी फक्त जे होतं ते सांगते.

घरात बाबा, आई, आत्या आणि मी. बाबा परळला गिरणीत फिटर होते. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते कुजबुजले तरी चाळीच्या टोकाला ऐकू जायचं. आई कमी बोलायची, कारण तिच्या वाटचं आत्या बोलून टाकायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, विधवा होऊन परत आलेली, आणि आल्या दिवसापासून आमच्या चुलीची मालकीण. पहाटे पाट्या-वरवंट्याचा आवाज सुरू व्हायचा. तो थांबला की समजायचं, खोबरं वाटून झालं, आता कालवणाला उकळी येईल. मग तिरफळांचा वास यायचा आणि त्यामागून बांगड्याचा. उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं, नाहीतर पेज आणि चुलीत भाजलेला सुका बोंबील. घरात मासे नसले तर समजायचं, एक तर एकादशी आहे, नाहीतर गिरणीत संप. माझी शाळा चौथीनंतर सुटली. मीच सोडली असं घरात सांगायचे. आईला कामाला हात हवा होता आणि माझे दोन रिकामे होते, एवढंच.

घरात आम्ही मालवणी बोलायचो. पण बाहेरचं माणूस आलं की बाबा शुद्ध बोलायचे. शुद्ध बोलताना त्यांचा आवाज निम्मा व्हायचा आणि वाक्य एका शब्दाचं. माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर तो एक शब्दही ठरून गेला, तो म्हणजे 'चालेल'. मुलाचं वय जरा जास्त आहे. चालेल. पत्रिका जुळत नाही, पण बघू. चालेल. इतकं सगळं चालूनही दोन ठिकाणांहून नकार आला होता. पहिल्यांनी सांगितलं, मुलगी सावळी आहे. दुसऱ्यांनी सांगितलं, मुलगी मोठ्याने बोलते. दुसऱ्यांचं बरोबर होतं.

तिसरं स्थळ विलेपार्ल्याचं. हेही हुकलं तर पावसाआधी मला कणकवलीला पाठवायचं ठरलेलं होतं. तिथे आत्याच्या सासरकडचा एक बिजवर होता, किराणा मालाचं दुकान, तीन मुलं आणि एक मिशी. माणूस वाईट असेल असं नाही. पण मला मुंबई सोडायची नव्हती. मी कोणत्या राजपुत्राची वाट बघत नव्हते. मला नळाचं पाणी, विजेचा दिवा आणि रविवारी अंधेरीच्या बाजारात दोन तास हवे होते. त्याच्याबरोबर जो नवरा येईल तो मी घेणार होते.

बाबा पार्ल्याला जाऊन आले आणि उंबऱ्यावरच बसले. आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"मुलगी बघूची ती निसर्गात," बाबा म्हणाले.

"खंय?"

"निसर्गात."

आत्याने वरवंटा थांबवला. "ह्यो गाव खंय इलो?"

मग हळूहळू कळलं. मुलाचे वडील मुलगा लहान असतानाच वारले होते. तो आणि त्याची आई पार्ल्याला मामाच्या घरी राहत, आणि मामाच सगळं बघत. या मामांना सगळे मामासाहेब म्हणत. फोर्टातल्या एका ऑफिसात ते हेडक्लार्क होते. एकदा ते ऑफिसच्या साहेबाबरोबर काश्मीरला जाणार होते. गेले नाहीत, पण जाणार होते एवढ्यावरच पुष्कळ बोलायचे. त्यांचं म्हणणं असं की, मान खाली घालून पोहे आणणारी मुलगी बघून काही कळत नाही, मुलीचा स्वभाव मोकळ्या हवेत उघड होतो. तुमच्याकडे खाडी आहे असं ऐकलं, तर होडीतून एक सफर काढू, मुलगीही बघून होईल आणि सृष्टिसौंदर्यही.

"म्हणजे होडी आमची, जेवाण आमचा, खाडी आमची," आत्या म्हणाली. "आणि तेंचा काय?"

"मुलगा," बाबा म्हणाले. "आणि आणखी एक. तेंच्यात मासे बंद केलेत."

"कित्याक? माशांनी तेंचा काय घोडा मारल्यानी?"

"पार्ल्याक शेजारी सगळे शाकाहारी. तेंका वास येता."

आत्याने अर्धवट वाटलेलं खोबरं तसंच टाकलं. आमच्या घरात ही मोठी गोष्ट. मग तिने दिवस कुठला ठरला ते विचारलं. बाबा म्हणाले, येता रविवार, दशमी. मामासाहेबांनी पंचांग बघितलंय, साडेदहानंतरची वेळ उत्तम आहे. आत्याने नुसतं बाबांकडे बघितलं आणि बाबांनी भिंतीकडे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरती, म्हणजे साडेदहाला पाणी निम्मं उतरलेलं आणि दुपारी खाडीत नुसता चिखल. समुद्राकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ज्या पंचांगात मामासाहेबांनी मुहूर्त बघितला त्याच पानावर ती दशमीही छापलेली होती, पण पार्ल्याला दशमी म्हणजे फक्त एकादशीचा आदला दिवस.

"मगे सांगलंस काय तेंका?" आत्याने विचारलं.

"काय सांगू? चेडवाचो बापूस मी. तेंनी वेळ काढली आणि मी ती मोडू?" मुलीचा बाप, कसा मोडणार.

"मगे काय बोललंस?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चालेल म्हटलंय," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी बाबा चाळीत दारोदार गेले. उद्या सकाळी कुणी बांधापलीकडे जाऊ नका, पाहुणे येणार आहेत, अशी त्यांची विनंती. ते कुजबुजत होते, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू आलं. शेवटच्या खोलीतले तुकारामभाऊ दारात येऊन म्हणाले, "कित्याक येतत पावणे?"

"निसर्ग बघूक."

"आणि आमका लागली म्हणजे आम्ही खंय जावचा?"

बाबांनी नुसते हात जोडले. पण चाळीतले लोक मुलीच्या लग्नाला अडणारे नव्हते. रविवारी सकाळी सगळे पुरुष टमरेलं घेऊन उलट दिशेला, माडांच्या वाडीत गेले. वाडीच्या मालकाने काय शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही.

पाहुणे वेळेवर आले. मामासाहेबांच्या डोक्यावर साहेबी टोप होता, गळ्यात दुर्बीण, हातात छत्री. त्यांच्या मागे मुलाची आई, रुक्मिणीबाई, जाड हाडाची बाई, भावाच्या हुकमावरून नऊवारी सोडून गोल पातळ नेसलेली आणि त्यात पाय अडकून अर्ध्या पावलांनी चालणारी. सगळ्यात शेवटी मुलगा. त्याचं नाव दत्ताराम. मी नाव घेते, आता मला कोण अडवतंय. उंच, चष्म्याचा, पोस्टात कारकून, आणि तोंडाला कुलूप लावल्यासारखा गप्प. आमच्याकडून बाबा, आत्या आणि मी. आई घरी थांबली, कारण सकाळपासून पुऱ्या तळून तिचं डोकं चढलं होतं.

होडी धाकू कोळ्याची. एरवी तो तीतून गवताच्या पेंढ्या वाहायचा. आम्ही तिच्यावर सतरंजी टाकली होती. बांधावर धाकूने एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि तोंड उघडलं. बाबांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की ते त्याने तसंच मिटलं. धाकूही त्या दिवशी मुलीकडचा होता. मामासाहेबांनी विचारलं, "काय रे, होडी निघायला हरकत नाही ना?"

"चालंल," धाकू म्हणाला.

पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि आम्ही खाडीत आत निघालो होतो. धाकू बांबू रोवून होडी ढकलत होता आणि दर ढकलण्याबरोबर कण्हत होता. मामासाहेब पुढे बसले होते. "वा!" ते म्हणाले. "अगदी काश्मीर!" बाबा म्हणाले, हो. तिवरांच्या भोवती चिखलातून बोटभर उंचीचे हजारो खुंट वर आलेले असतात. ती त्या झाडांची मुळं, हवा घ्यायला वर येतात. मामासाहेबांनी छत्रीने ती दाखवली. "हे कोंब बघ, रुक्मिणी. दोन वर्षांत इथे केवढं अरण्य होईल!" बाबा म्हणाले, "चालेल."

मग माझी परीक्षा सुरू झाली. शिक्षण किती, तर चौथी. वाचनाची आवड? मी म्हटलं, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचते. आत्याने मला चिमटा काढला. मामासाहेब म्हणाले, स्पष्टवक्ती आहे. त्यांच्या तोंडी ते चांगलं वाटलं नाही. तेवढ्यात काठच्या चिखलात काहीतरी टुणकन उडालं. "बेडूक!" मामासाहेब ओरडले.

"नाही, निवटी आहे," मी म्हटलं. "मासा आहे तो. चालतो."

"आमच्यात नाही चालत," मामासाहेब म्हणाले.

मुलगा खोकला. ते हसू होतं असा मला संशय आला, पण मी वर बघितलं तर चेहरा तसाच, दोन्ही हात बसायच्या फळीवर आणि नजर पायांकडे.

मुख्य खाडीतच राहिलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण मामासाहेबांना डाव्या हाताला एक अरुंद फाटा दिसला, दोन्हीकडून तिवरं वर झुकलेली, खाली गार सावली. "तिकडे घे," ते म्हणाले, "आत, अजून आत!" धाकूने बाबांकडे बघितलं. बाबांनी आकाशाकडे. आम्ही आत गेलो. थोड्या वेळाने होडीच्या पोटाखाली रव्यावरून पळी फिरवल्यासारखा आवाज झाला आणि होडी उभी राहिली.

"थांबलो का?" मामासाहेबांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"छान. इथेच थांबू जरा."

आम्ही थांबलो. आत्याने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा वाढला. मामासाहेब पक्षी बघत होते. पाणी आमच्या चहूबाजूंनी गुपचूप निघून चाललं होतं. होडी एका कुशीवर कलली तेव्हा प्यायच्या पाण्याची कळशी आडवी झाली आणि सगळं पाणी शिऱ्यात गेलं. मामासाहेबांनी दुर्बीण खाली केली. आजूबाजूला काळा चकचकीत चिखल आणि त्यावर तुरुतुरु पळणाऱ्या चिंबोऱ्या.

"पाणी कुठे गेलं?" ते म्हणाले.

आम्ही सगळे मुलीकडचे, कोण बोलणार? शेवटी धाकू म्हणाला, "दर्यान गेलं."

"परत कधी येणार?"

"संध्याकालचा येल."

चैत्रातलं दुपारचं ऊन, सावली सरकून पलीकडे गेलेली. चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला, ओहोटीला येतोच. मामासाहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि त्यांचं काश्मीर तिथे संपलं. ते बोलायचे थांबले, म्हणून मला कळलं की स्थळ हातचं जातंय. चिडलेला माणूस बोलला तर बरं असतं. ते नुसते माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होते, हिशेब मांडल्यासारखे, आणि मला त्यांच्या डोक्यामागे कणकवलीची मिशी दिसत होती.

तेवढ्यात रुक्मिणीबाई माझ्या कानाशी आल्या. "मुली," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "मला जरा बाजूला जाऊन यायचंय."

"उतरा," मी म्हटलं.

"यात?"

"दुसरं काही नाही इथे."

मी साडी खोचून उतरले, गुडघ्यापर्यंत आत गेले, आणि त्यांना हात दिला. त्या उतरल्या आणि गोल पातळासकट मांडीपर्यंत रुतल्या. म्हैस ओढावी तशी मी त्यांना ओढली. पाय उचलू नका, सरकवा, असं मी सांगत होते, पण गोल पातळात पाय सरकतात कुठे. त्या थांबल्या, भावाकडे पाठ केली, पातळ सोडवलं, मागे घेतलं आणि जेमतेम का होईना, काष्टा मारला. त्यानंतर ती बाई माझ्यापुढे चालायला लागली. तिवरांच्या आडोशाला त्यांचं आटोपलं. मी म्हटलं, चला. त्या हलल्या नाहीत. चिखलातल्या बारीक भोकांकडे बघत उभ्या होत्या. मग टाच चिखलात दाबली, गोल फिरवली, वाकून हात घातला, आणि काळा, टपोरा, तोंड मिटलेला शिंपला बाहेर काढला.

"गे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला, "हे खुबे मां?"

"खुबेच."

"आमच्या वेंगुर्ल्याक अशेच गावतत." त्यांनी तो धुतलाही नाही, तसाच नाकाशी धरला. "वर्सां झाली गे. दादा हेडक्लार्क झालो आणि घरातली माशांची सुरी गेली. आमच्या चुलीर काय शिजूचा तां शेजारी ठरवतत."

"मगे तुम्ही खातास काय?"

"वांगी," त्या म्हणाल्या, एखाद्या दुखण्याचं नाव सांगावं तसं.

मग आम्ही दोघींनी खुबे काढले. एवढ्या जाडजूड बाईला एवढं वाकता येईल असं मला वाटलं नव्हतं. पदराचा ओचा करून त्यात भरत होत्या. भरता भरता म्हणाल्या, "तुका ह्या रांधूक येता?" मी म्हटलं, येता. "वाटपात तिरफळां घालतस?" घालतंय. त्या उठून उभ्या राहिल्या, कपाळावरचा घाम चिखलाच्या हाताने पुसला, आणि माझी परीक्षा खरी तिथे झाली असं मी मानते. "माका तू पसंत आसस," त्या म्हणाल्या. "पण माका इचारता कोण? दादा ठरवतलो." मी आणखी एक खुबा उपसला आणि त्यांच्या ओच्यात टाकला. रडावंसं वाटलं. पण खाजणात रडत बसलं तर तेवढ्या वेळात माणूस आणखी वीतभर खाली जातं.

आम्ही परत आलो तेव्हा होडीत मामासाहेब उभे होते. ऊन लागून नाक लाल झालेलं, टोप मागे सरकलेला. रुक्मिणीबाई पदर पोटाशी धरून गपचूप जागेवर बसल्या. मामासाहेब बाबांना म्हणत होते, "मला एका गोष्टीचं नवल वाटतं. तुम्ही खाडीकाठी राहता ना? मग साधी भरती-ओहोटी ठाऊक नसावी? अशा अडाणी घरात आम्ही मुलगा द्यायचा?"

अडाणी म्हटल्यावर बाबांचं शुद्ध संपलं. ते उठून उभे राहिले, कललेली होडी आणखी कलली, आणि मागांच्या खडखडाटावरून हाक मारायचा तो आवाज खाडीभर गेला. झाडांवरचे बगळे उडाले. "दशमीक साडेसाताक भरती असता ह्या माका आवशीच्या पोटात असल्यापासून ठावक आसा! माका ठावक, माझ्या बहिणीक ठावक, ह्या धाकूक ठावक, ह्या चेडवाक ठावक!"

"मग सांगितलं का नाहीत?" मामासाहेबही ओरडले.

"सांगतलंय कसो? चेडवाचो बापूस मी! चेडवाच्या बापसान कधी नाय म्हणूचा नसता!"

मामासाहेबांनी विचार केला. मला आजही याचं नवल वाटतं, पण त्यांना ते पटलं. मान हलवून म्हणाले, "हं. तेही खरंच आहे." आणि मग टोप सरळ करून, अगदी ऑफिसातला निकाल सांगावा तसं म्हणाले, "परंतु मुलीच्या बापाने आवाज इतका चढवणंही योग्य नव्हे. आपलं जमेल असं मला दिसत नाही." बाबा मटकन खाली बसले. आत्याने डोळ्यांना पदर लावला. ती रडायची नाही, डोळे झाकून आत शिव्या द्यायची.

उन्हं उतरली. फाट्याच्या तोंडाशी पाण्याची एक चकाकती जीभ आत शिरली, मग आणखी एक, आणि चिखलातली भोकं एकेक करून बुडबुडे सोडत बंद झाली. होडीखाली पाणी आलं. धाकूने उठून बांबू रोवला आणि सगळा जोर लावला. होडी अशी हिसका मारून सुटली की रुक्मिणीबाई पुढे झोकांडल्या, त्यांच्या पदराचा ओचा सुटला, आणि पन्नासएक खुबे खडखडत मामासाहेबांच्या बुटांपाशी जाऊन पडले.

मामासाहेब बघत राहिले. "हे काय?"

"निसर्ग," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आत्याच्या पदराआडून आवाज आला. तो मात्र शिव्यांचा नव्हता. रुक्मिणीबाई गुडघ्यांवर बसून एकेक खुबा गोळा करायला लागल्या. मामासाहेब म्हणाले, "रुक्मिणी, टाकून दे ते पाण्यात." त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या, "रखमा म्हण, दादा. आवशीन रखमा नाव ठेवलेला आसा. हे मी टाकूचंय नाय. आणि मुलगी माका पसंत आसा."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी एकदा सांगितलं ना—"

"झील माझो आसा," त्या म्हणाल्या. मुलगा माझा आहे. एवढंच. एवढी वर्षं भावाच्या घरात राहून ती बाई हे पहिल्यांदाच बोलत होती, हे मला मागाहून कळलं, पण मामासाहेबांचं तोंड बघून तेव्हाही अंदाज आला. त्यांनी मदतीसाठी मुलाकडे बघितलं. "दत्ताराम, तुझं काय मत?"

आता हा काय बोलतो म्हणून माझे कान टवकारले. दत्ताराम म्हणाला, "आई म्हणेल तसं." दिवसभर गप्प बसून शेवटी हा माल बाहेर काढला. स्थळ जमलं होतं, मुंबई राहिली होती, मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या आनंदात मी त्या चष्म्याकडे बघून मनात म्हटलं, वांगं पदरात पडलं.

बांधावर उतरलो तेव्हा मामासाहेब पुढे गेले, छत्री बंद, दुर्बीण पाठीवर. त्यांच्या मागे आत्या आणि रुक्मिणीबाई, दोघी एकदम बोलणाऱ्या, एकमेकींचं काही न ऐकणाऱ्या. मग बाबा. होडीतून उतरताना दत्तारामची एक वहाण चिखलात राहिली, ती काढायला मी थांबले. त्याच्या हातात दिली. त्याने ती घातली नाही. पुढची मंडळी लांब गेली का ते बघितलं आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला पोहता येतं?"

"येतं. का?"

"मला नाही येत." त्याने घसा साफ केला. "सकाळपासून मी फळी धरून बसलो होतो. पाणी गेलं तेव्हा जरा बरं वाटलं. परत यायला लागलं तेव्हा पुन्हा धरली. त्यामुळे तुमच्याकडे नीट बघायचं राहूनच गेलं."

मी त्याच्या हातांकडे बघितलं. तळव्यांवर फळीच्या कडांचे लाल वळ होते. त्या दिवशी एवढ्या माणसांनी एवढं बोलून घेतलं, पण कुणी न विचारता खरं सांगणारा हा एकच निघाला. मी म्हटलं, "मग आता बघा." त्याने चष्मा पुसला, घातला, आणि नीट बघितलं. माझ्या केसांपर्यंत चिखल होता. "बरं," तो म्हणाला, आणि मान डोलावली. मीही त्याच्याकडे बघून घेतलं. मलाही तोवर वेळ झाला नव्हता.

पावसाआधी लग्न झालं. संसार पुष्कळ वर्षं झाला, भांडणंही पुष्कळ झाली. त्यांना पोहायला कधी आलं नाही आणि मी शिकवायला गेले नाही. रविवारी आम्ही जुहूला जायचो. पाणी घोट्याला लागलं की ते माझा हात असा घट्ट धरायचे की बांगड्या रुतायच्या. येणारे-जाणारे आमच्याकडे बघून हसायचे. त्यांना वाटायचं, प्रेम. मी कुणाचा समज मोडायला गेले नाही.